सील कोणासमोर तोडलं?

मंडळी, आज पोरीसोबत दुर्गच्या एका क्लिनिकमध्ये गेलो होतो. पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे. फोटोत जबडा रेखीव दिसावा म्हणून तिला फिलरचं, म्हणजे कातडीखाली जेल भरायचं, इंजेक्शन घ्यायचं होतं.

मी बेअरिंग विकणारा माणूस. गिऱ्हाइकासमोर सील तोडल्याशिवाय माल देत नाही. म्हणून इंजेक्शन देणाऱ्या मॅडमला विचारलं, "मॅडम, डबा दाखवता का?"

"अंकल, आप टेन्शन मत लो."

"बाबा, इज्जत काढून राहिले तुमी!" पोरगी कुजबुजली.

माझे कान मात्र उघडेच होते. पडद्यामागे एक नर्स दुसरीला छत्तीसगढीत म्हणाली, "बिहनिया वाली के आधा बाचे हे, उही ला लगा देबो."

म्हणजे सकाळच्या बाईची उरलेली अर्धी सिरिंज माझ्या पोरीच्या चेहऱ्यात!

मी उठून मॅडमला विचारलं, "अन् हे रक्ताच्या नसेत गेलं, तर विरघळवायचं औषध आहे का इथं?"

"ऐसा कुछ होता नहीं, अंकल." पण असं औषध असतं, अन् ते क्लिनिकमध्ये ठेवावंच लागतं.

हे ऐकून पोरगीच पर्स घेऊन उठली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "मी तं फक्त या क्लिनिकचे आधी-नंतरचे फोटो पाहिले होते वो, बाबा."

तुमच्या घरी कोणी असं इंजेक्शन घेतलंय का? सील कोणासमोर तोडलं होतं, आजच विचारा.