नातीचं एम.ए. आणि माझे केस

बायको गेली तेव्हा अग्नी मीच दिला आणि दहाव्याला डोकंही माझंच भादरलं. पोरगा नाही म्हटल्यावर दुसरं कोण बसणार? गोटा करून घरी आलो तर नात, म्हणजे मुलीची मुलगी, मांडीवर फळी आणि हातात कोळशाची कांडी घेऊन तयार.

"आजा, इथं बस. हलू नको."

कॉलेज जवळ पडतं म्हणून ती मोरव्यात आमच्याकडेच राहते. दृश्यकला आणि संस्कृती या विषयात एम.ए. करते. मी चौथी शिकलेला, पुढं सगळी मिठागरं. ती कॉलेजात गेली तेव्हा मी बायकोला विचारलं होतं, "बघायचं पण शिकवतात का आता?" ती म्हणाली, "तुमी सत्तर वर्सं बघताव, काय दिसलं तं सांगा." मला सांगता आलं नाही.

तर त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी चहा झाला की मी खुर्चीत आणि ती समोर. प्रोजेक्टचं नाव तिनं सांगितलं होतं, दुःख आणि शरीर असं काहीतरी. मला वाटलं माझं तोंड काढते. बरं, काढू दे. पोरगी गप्प बसते आणि मीही गप्प बसतो, एवढं एकच काम त्या घरात मला जमत होतं. असे तेहतीस रविवार झाले. प्रत्येक कागदाखाली ती तारीख घालायची.

मग एका शुक्रवारी मान खाजली. हात लावला तर केस कॉलरच्या खाली. उठलो आणि नया नगरला नेहमीच्या न्हाव्याकडे गेलो.

"चाचा! कहाँ थे इतने दिन? कितना रखूँ?"

"हमेशा जैसा," मी म्हटलं. माझं हमेशा म्हणजे बोटात धरता येऊ नयेत इतके.

रविवारी खुर्चीत बसलो. नात कागद लावून वर बघते तर तिच्या हातातली कांडी खाली पडली.

"आजा, केस कुठंयत?"

"न्हाव्याकडे."

ती जी रडायला लागली! तेव्हा मला कळलं की प्रोजेक्टमध्ये तोंड नव्हतंच, केसच होते. आजी गेल्यावर आजाचे केस कसे वाढत गेले, तेच ती काढत होती.

"अगं बाय, मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू आरशात बघत बसला असतास!"

ते खरं होतं. मी म्हटलं, बाजारातून केसांचा टोप आणू का? तर आणखी जोरात रडली. परीक्षा तीन आठवड्यांवर. शेवटी तिनं डोळे पुसले आणि उरलेली तीन चित्रं मनानं काढली. केस वाढवत वाढवत पार खांद्यापर्यंत आणले. मला ताकीद दिली, "परीक्षेला यायचं तर टोपी घालून ये. काढायची नाही. आणि बोलायचं नाही."

घोडबंदर रोडवर तिचं कॉलेज. हॉलमध्ये भिंतीवर माझी छत्तीस डोकी ओळीनं. बाहेरून तपासायला एक मॅडम आल्या होत्या. त्या एकेक डोकं बघत पुढं सरकत होत्या. पंखे बंद, म्हणे कागद उडतात. टोपी लोकरीची. मी घामानं निथळलो. शेवटी काढली टोपी आणि तिनंच वारा घ्यायला लागलो.

मॅडम शेवटच्या चित्रापाशी होत्या. चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं. चित्राखालची तारीख बघितली, पुन्हा माझ्याकडे.

"आजोबा, हे केस कधी कापलेत?"

नात भिंतीकडे तोंड करून उभी. मला खोटं बोलता येत नाही आणि आलं तरी डोकं उघडंच होतं. "तीन आठवडे झाले, मॅडम. तिची चूक नाय. तेहतीस रविवार मी न्हाव्याचं नाव पण काढलं नाय. सेहेचाळीस वर्षं बायको सांगायची, जा, केस कापून या. कधी जायचं ते मला कुठं ठाऊक? कुणी सांगितलंच नाय, म्हणून वाढले. या वेळी माझा मीच गेलो. पहिल्यांदा."

मॅडम नातीला म्हणाल्या, "शेवटची तीन उतरव. आणि हे समोरचं डोकं काढ. आत्ता, माझ्यासमोर."

तासभर मी तिथंच स्टुलावर. पोरगी नाक ओढत काढतेय, मॅडम मागं उभ्या.

"कान मोठे काढू नको."

"मोठेच आहेत तुझे. आजा, गप ना!"

तिला पास केलं. खोट्या तीन चित्रांचे मार्क गेले, खऱ्याचे मिळाले. मॅडम म्हणाल्या, आजोबा आपणहून न्हाव्याकडे गेले, खरं तर प्रोजेक्ट तिथंच संपत होतं, तुला ते दिसलं कसं नाही? नातीनं मान खाली घातली. मला जरा बरं वाटलं. शिकून पण दिसत नाही कधी कधी.

ती तीन चित्रं नात फाडणार होती. मी मागून घेतली. एक बायकोच्या फोटोखाली चिकटवलंय. ती असती तर म्हणाली असती, "ह्यो बुवा कुठना आणलाव? चाय पाजा नि काढा बाहेर." मी सकाळी दिवा लावताना तिला सांगतो, मीच हाय. अजून तिला पटलेलं दिसत नाही.