लिकूर्गोसचा वाटा

गारुफालियाने लिकूर्गोसचं ते शेत चोरलं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. गावाच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं! लिकूर्गोस ऑस्ट्रेलियाच्या बोटीत चढला तेव्हा ती तेरा वर्षांची परकरी पोर होती. मग त्याचं ना पत्र, ना निरोप, ना मेल्याची खबर. त्याची ऑलिव्हची तेवीस झाडं काट्याकुट्यांत बुडाली. पुढे ती लग्न होऊन शेजारच्याच बांधावर आली, आणि एका सकाळी कुणाला न विचारता कोयता घेऊन आत शिरली. त्याला आता अडतीस वर्षं झाली. नवरा गेला, गुडघे गेले, झाडं मात्र अशी डवरली की बघत राहावं.

पण परक्याचं खायचं तर घास घशाखाली उतरायला हवा ना! म्हणून दरवर्षी मृतांच्या शनिवारी, म्हणजे चर्चमध्ये गेलेल्यांच्या नावाने प्रार्थना होते त्या दिवशी, ती नव्या तेलाचा एक डबा सगळ्यात जुन्या झाडाखाली ठेवायची. मालकाचा वाटा. तो जिवंत असो की मेलेला. आठवड्याने डबा रिकामा मिळायचा. सांडलेला नाही, स्वच्छ पुसलेला, झाकण घट्ट लावलेलं.

"शेळ्या पीत असतील," नवरा म्हणायचा.

झाकण लावणारी शेळी आमच्या या माणी मुलखात अजून जन्माला यायची आहे.

यंदा जमीन-नोंदणीची नोटीस लागली. ज्या जमिनीवर कुणी हक्क सांगणार नाही, ती सरकारजमा. गारुफालिया खाली बंदरात वकीलबाईकडे गेली.

"वीस वर्षं मालकासारखी कसली की जमीन तुमची, मावशी. तुमची तर अडतीस झाली. दोन साक्षीदार आणा, झालं."

"आणि त्याच्या वाट्याचं काय, बाई?"

वाटा म्हणजे काय ते ऐकल्यावर वकीलबाईने पेन खाली ठेवलं. "वाटा कूळ देतं, मावशी. मालक देतो का? म्हणजे तुम्ही दरवर्षी कबूल केलंत की शेत त्याचं आहे! हे कुणापुढे बोलू नका. आणि यंदा तो डबा ठेवू नका, नाहीतर अडतीस वर्षं पाण्यात."

तिने ठेवला नाही. त्या शनिवारी भर दुपारी ती शेतात छाटलेल्या फांद्या गोळा करत होती. वारा पडला होता. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "गारुफालिया, तेल?"

शेजाऱ्याने दारात येऊन चिमूटभर मीठ मागावं, तसा आवाज. त्यात राग नव्हता, हेच वाईट. वळून न बघता, फांद्या तिथेच टाकून ती घरी आली आणि तिने कडी घातली.

पुढच्या मंगळवारी नोटरीपुढे शपथ होती. नोटरीने विचारलं, "इतक्या वर्षांत मूळ मालकाने काही मागितलं?"

"मागतोय कसला!" साक्षीदार पानागोसबाबा खिदळला. "त्याला माशांनी केव्हाच पचवला असेल."

मग तिची पाळी आली. तिने पवित्र ग्रंथावर हात ठेवला. खरं बोलावं तर पोटच्या पोरांसारखी वाढवलेली झाडं सरकारच्या घशात. खोटं बोलावं तर... देवा रे!

"नाही," ती म्हणाली. "कुणी काही मागितलं नाही."

उन्हाळ्यात कागद आला. तो घेऊन ती तडक शेतात गेली आणि जुन्या झाडाखाली उभी राहून मोठ्याने वाचू लागली: स्वतःचं नाव, गट नंबर, चतुःसीमा. प्रत्येक ओळीनंतर थांबली.

"बोल की रे!" ती ओरडली. "खोटं असेल तर बोल!"

पाठीमागे कुणी नव्हतं. अडतीस वर्षं तिथे कुणीतरी असायचं, हे तिला आत्ता कळलं.

ती मटकन खाली बसली. डोक्याचं काळं फडकं सोडून तिने केस मोकळे केले, आणि आमच्याकडे बायका प्रेतापाशी बसून गातात तो विलाप सुरू केला. लिकूर्गोससाठी तो कधी कुणी गायलाच नव्हता. आवाज ऐकून वरच्या आळीतल्या बायका धावत उतरल्या.

"अगं, कोण गेलं?"

"मालक गेला," गारुफालिया म्हणाली. "मी घालवला."