गाडी न्यायची की विकायची?

शनिवारी दुपारी पेणला, रामवाडीत आमच्या दारात येऊन पोचलो आणि बघतो तर... गाडी जागेवर नाही! आणि माझ्या शेजारी उभा होता मुनाफ, तीच गाडी विकत घ्यायला माझ्याबरोबर रोह्याहून आलेला.

आधी थोडं मागचं सांगतो. पुढच्या महिन्यात मी, बायको आणि लेक कायमचे ऑस्ट्रेलियाला चाललोय. व्हिसा, तिकडचं घर, लेकीची शाळा, सगळं मार्गी लागलं... घोडं अडलं ते गाडीपाशी. आमची पहिली गाडी, लाल रंगाची, जिवापाड जपलेली.

माझं म्हणणं, गाडी बोटीनं न्यायची. हसू नका, मी पेणचा माणूस आहे. आमच्याकडचे गणपती दरवर्षी कंटेनरमध्ये बसून सातासमुद्रापार जातात, सोंडेचा टवकाही उडत नाही. मग चार चाकांची गाडी जाणार नाही होय?

बोटीनं सामान पाठवणाऱ्या एजंटनं माझं विमान जमिनीवर आणलं. भाडं, परवानग्या, तपासण्या... आणि वर म्हणे गाडीला कुठेही मातीचा कण दिसता कामा नये. पेणची गाडी आणि मातीचा कण नको! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. म्हटलं, जाऊ दे, विकूनच टाकू.

आईचंही ठरलं होतं. म्हणजे आम्ही ठरवलं होतं... आई पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. गुडघ्यामुळे एसटीची पायरी तिला चढवत नाही, म्हणून मी नाहीतर बायको तिला गाडीनं नेतो-आणतो. आम्ही गेल्यावर कोण नेणार? तेव्हा तिनं काम सोडायचं आणि पनवेलला ताईच्या फ्लॅटवर राहायचं.

आई यावर काहीच बोलली नव्हती. मला वाटलं, पटलं असेल.

मुनाफ माझ्याच कंपनीतला, रोह्याला आम्ही एकाच शिफ्टला. शनिवारी शिफ्ट सुटल्यावर दोघं ट्रेनमध्ये बसलो. कासू स्टेशन मागे पडलं, पेण जवळ आलं, तसा मी मोबाइलमधले गाडीचे जुने फोटो काढून बघायला लागलो. मुनाफ म्हणाला, "अरे, गाडी विकतोयस, पोरगी नाय सासरी धाडत!"

आणि आता दारात गाडीच नाही. घराला कुलूप. बायको लेकीला घेऊन माहेरी गेलेली, आई फोन उचलेना... मी पोलिसांना फोन लावणार, इतक्यात शेजारच्या नलूकाकी ओट्यावर आल्या.

"गाडी ना? ती तुझ्या आईनं नेली."

"आईनं? कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर कशाला? एकलीच गेली."

माझा विश्वासच बसेना. गाडीच्या दाराचं हँडल कुठल्या बाजूला ओढायचं, हे मी आईला अजून दरवेळी सांगतो हो! काकींची काहीतरी गफलत होतेय, असंच मी मुनाफला सांगत होतो.

तेवढ्यात हायवेच्या बाजूनं आमची लाल गाडी वळली. लांबूनच इंडिकेटर देत, बैलगाडीच्या चालीनं... आणि स्टिअरिंगवर आई! पदर खोचलेला, नाकावर आखणीचा चष्मा, नजर समोर.

मी मुनाफला ओढून बाजूला घेतलं. गाडी आली, थांबली आणि रिव्हर्समध्ये एका दमात जागेवर लागली. मला अजून दोन-तीनदा पुढे-मागे करावी लागते! मुनाफ नुसता "या अल्लाह" एवढंच पुटपुटला.

आईनं उतरून आधी डिकीतली मिठाची पिशवी काढली, मग पर्समधून लायसन्स. खरं, स्वतःच्या फोटोचं, पक्कं लायसन्स! आरटीओ आमच्या पेणलाच, आणि मला पत्ता नाही. "परदेशच्या ऑर्डरची आखणी बाकी हाय" म्हणून हिवाळाभर ती आम्हाला न्यायला उशिरा बोलवायची, तेव्हा कारखान्याच्या टेम्पोवरचे दत्ताकाका तिला गाडी शिकवत होते. बायकोला सगळं ठाऊक होतं. तिच्याशी वेगळं बोलणं होईलच...

मी ओरडलोच, "अगं, पण सांगायचंस तरी!"

"कधी सांगू? न्यायची का विकायची, न्यायची का विकायची... नुसतं डोकं उठवलंत. ठेवायची का, असं कुणी विचारलंच नाय." मग पिशवी खाली ठेवून हळूच म्हणाली, "मला पनवेलला नाय जायचं रे. माझं काम हाय इथं."

खरंच, एवढ्या चर्चा झाल्या, एवढे फोन झाले... हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही गाडीचं ठरवत होतो, आणि त्यातच आईचंही ठरून जात होतं.

शेवटी मुनाफच बोलला, "मी नाय बाबा घेत ही गाडी. तुझी आई काय जोह्याला माझ्या खांद्यावर बसून जाणार?" आई इतकी हसली की नलूकाकी पुन्हा बाहेर आल्या.

मग त्याला स्टेशनवर सोडायला निघालो. आई चालवायला, मुनाफ पुढे आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच गाडीत मी मागच्या सीटवर. प्रत्येक स्पीडब्रेकर ती असा उतरवायची की पोटातलं पाणी हलत नव्हतं. मागून मात्र हॉर्नवर हॉर्न.

न राहवून मी म्हटलं, "आई, जरा दाब की! लोक शिव्या देतायत."

"देऊ देत. दत्ताकाकांनी सांगितलंय, मागं मूर्ती हाय असं समजून चालवायची."

एवढं बोलून तिनं आरशात मागे पाहिलं. मागे मीच होतो... मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण आरशात बघण्याची माझी हिंमत नव्हती.

गाडी राहतेय. आईही राहतेय. पुढच्या महिन्यात आम्हाला विमानतळावर सोडायलाही तीच येणार आहे... आई, तेव्हाही अशीच हळू चालव.