आमच्याच चुकांचं भाडं

समस्त वाचकांनी कृपया उभं राहावं. एक अत्यंत गंभीर निवेदन करायचं आहे. माझ्या सासऱ्यांनी हळद विकताना गेल्या पंधरा वर्षांत केलेल्या सगळ्या चुका एका कंपनीने कुलपात ठेवल्या असून, त्या पाहायच्या असतील तर वरच्या दराचा प्लॅन घ्यावा लागणार आहे. आता बसा. आणि माझं सांगून होईपर्यंत तरी हसू नका.

सासरे आष्ट्याचे. आजूबाजूला सगळा ऊस, पण हे दरवर्षी दोन एकर हळद ठेवतात. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाली की ती विकायची कधी, हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव जुगार. एरवी पत्त्यांना हात लावत नाहीत. या जुगाराची नोंद ते हळदीच्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूला, कोळशाने करायचे. भाव लिहायचे नाहीत. भाव कुठेही कळतो. कारण लिहायचे. ‘शिमग्याला विकली. घाई केली.’ ‘मराठवाड्याचा माल उतरायच्या आधी निघालो. बरं झालं.’ ‘अडत्याच्या गोड बोलण्याला भुललो.’

आणि मी त्यांचा सुधारक जावई. साताऱ्यात माझं वह्या-पेनांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की बाजाराचे आलेख बघत बसायचा नाद आहे. माझ्या ॲपमध्ये हळदीच्या वायद्यांचाही आलेख होता. त्यावर हवं तिथे बाण काढून टीप लिहिता यायची. एका दिवाळीत मी त्या दारासमोर पाट टाकून बसलो. सासरे एकेक ओळ मोठ्याने वाचत गेले आणि मी ती त्या-त्या महिन्यावर चिकटवत गेलो. त्यानंतरच्या टिपा ते फोनवर सांगायचे. त्याच दिवाळीत घराला रंग निघाला होता. रंगाऱ्याने विचारलं, या दाराचं काय करायचं? मी म्हणालो, “मारा बिनधास्त. सगळं मोबाइलात आहे.” ऑइलपेंटचे दोन हात बसले. मोरपंखी.

गेल्या श्रावणात मी सासुरवाडीला असताना सांगलीहून अडत्याचा फोन आला: भाव चढलाय, दुपारी बारापर्यंत काय ते सांगा. सासऱ्यांनी चष्मा पुसला.

“पावनं, मागं एकदा असाच श्रावणात चढला हुता बगा. तवा आपण थांबलो का विकली, आन् मग काय झालं, तेवढं काढा.”

मी ऐटीत ॲप उघडलं आणि आलेख मागे सरकवत गेलो. दोन वर्षांवर गाडी थांबली. त्यापलीकडे राखाडी पट्टा आणि त्यावर एक गोंडस कुलूप. कंपनीने नुकतेच दर बदलले होते. साध्या प्लॅनमध्ये दोन वर्षं दिसणार, मधल्यात पाच, वरच्यात सगळं.

आता जुन्या भावांचे पैसे मागितले, तर मी समजू शकतो. ते त्यांनी कुठूनतरी विकत घेतले असतील. साठवायला यंत्रं लागतात, यंत्रांना वीज लागते. पण टिपा? ‘अडत्याच्या गोड बोलण्याला भुललो’ हे वाक्य कंपनीने कुठून आणलं? भुलले माझे सासरे! टाइप केलं मी! सगळ्या टिपा मिळून एका पोस्टकार्डावर मावल्या असत्या. आमच्या चुका आम्हालाच विकायला काढल्या होत्या, आणि त्याही वार्षिक वर्गणीने.

मी तावातावाने हेल्पलाइनला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. एक अतिशय नम्र बाई म्हणाल्या, “सर, वरचा प्लॅन आज घेतलात तरी जुन्या नोंदी संग्रहातून परत यायला सात दिवस लागतील.”

“मला बाराच्या आत हव्यात!”

“जरा थांबाल का, सर?” आणि फोनवर बासरी वाजू लागली.

त्या बासरीच्या तालावर सासरे मला म्हणाले, “वह्यांचं दुकान हाय न्हवं तुमचं?”

“हो.”

“आन् एकबी वही शिल्लक न्हवती व्हय?”

मी बासरी ऐकत राहिलो.

“पूर्वी आमी हरिपुरात जमिनीखाली पेवात हळद ठिवायचो,” ते म्हणाले. “पेववाला भाडं घ्यायचा, घीना का. पर कवाबी जावा, झाकण काढून, कंदील सोडून आपला माल आपल्याला दावायचा. ह्यो कसला पेववाला गाठलाय तुमी?”

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. अडत्या. बाराला पाच मिनिटं होती. सासऱ्यांनी एकदा माझ्या हातातल्या कुलपाकडे पाहिलं आणि खोल श्वास घेतला. “अर्धी घ्या,” ते म्हणाले, “अर्धी ऱ्हाऊ द्या.” जन्मात त्यांनी अर्धी हळद विकली नव्हती. फोन खिशात टाकून ते पुन्हा चष्मा पुसू लागले. मला त्यांच्याकडे बघवेना.

बासरी थांबली. “सर, काही काळजी करू नका,” बाई प्रेमाने म्हणाल्या. “तुमच्या सगळ्या नोंदी आमच्याकडे अगदी सुरक्षित आहेत.”

सासऱ्यांनी मान वळवून त्या चकचकीत मोरपंखी दाराकडे पाहिलं आणि माझ्या हातातल्या फोनवर वाकून ओरडले, “आवं बाई, सुरक्षित तर आमच्या दारावरचंबी हाय की, रंगाच्या खाली!”