भिंतीवरून पळणारा डाग

रंगाऱ्याने शिक्षिकाबाईंच्या बैठकीच्या भिंतीला चौथा हात दिला आणि शिडीवरूनच ओरडला, “बाई, हा पुन्हा आला!”

भिंत पांढरीशुभ्र होती. रंगाऱ्याला मात्र तिच्यावर एक काळा डाग दिसत होता, खाली शेपटी असलेला. ब्रश नेला की तो सरके. चौकटीवर गाठावा तर खिडकीपाशी जाई. ओल, बुरशी, पोरांचे तेलकट हात, सगळं त्याने आयुष्यभर झाकलं होतं. पळणारा डाग पहिल्यांदाच भेटला.

“कुठे आहे?” बाईंनी चष्मा पुसला.

“तो काय, बटणाच्या वर.”

बाईंना काही दिसेना. पण आपल्याच भिंतीवरचा डाग आपल्याला दिसू नये, हे त्यांना शोभेना. “आहे खरा. फिकटसा,” त्या म्हणाल्या. यजमानांना बोलावलं, तर त्यांना दोन दिसले. पाचवा हात ठरला.

तेवढ्यात डबा घेऊन रंगाऱ्याची बायको आली. तिने भिंत पाहिली, मग तिघांची तोंडं पाहिली.

“अहो, सकाळी उशीवर डाग म्हणत होतात. तो काय तुमच्या मागोमाग कामावर येतो? डावा डोळा झाका बघू.”

त्याने झाकला. “गेला! सुटलो गं! आता असाच एका डोळ्याने उरकतो.”

बायकोने त्याला शिडीवरून उतरवलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसेपर्यंत त्याचं मनगट सोडलं नाही.

साखरेचा आजार त्याला जुनाच. गोळी मात्र चक्कर आली तरच. उगाच कशाला पोटात ढकलायची?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “डोळ्यातल्या पडद्याला केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. साखरेने त्या कमजोर झाल्या. काही फुगून पाझरल्या, काही बुजल्या. पडद्याची उपासमार झाली, म्हणून नव्या वाहिन्या फुटल्या. पण त्या कच्च्या, त्यातूनच रक्त आलं. त्या रक्तावर तुम्ही रंग मारत होतात.”

“जिरेल ना ते?”

“जिरेलही. पण कच्च्या वाहिन्या लेसरने आवरल्या नाहीत, तर डोळा जाईल.”

“मग डाव्याला करा. उजव्याची काही तक्रार नाही.”

“उजव्यातही तेच सुरू झालंय.”

रंगारी भडकला. “मग बोलला का नाही तो?”

“तुमचाच डोळा,” बायको म्हणाली. “दुखणं अंगावर काढायची घरातलीच खोड.”

रंगाऱ्याने वर छताकडे पाहिलं. भिंत आणि छत जिथे मिळतात, तिथली रेघ तो पट्टी न चिकटवता, एका दमात मारत असे. गावात ते दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

“ती रेघ मारता येईल ना मला?” त्याने हळूच विचारलं.

“गेलेलं परत आणता येत नाही. आहे ते राखायचा प्रयत्न करू. पण गोळ्या रोज.”

त्याने हनुवटी यंत्रावर टेकवली. “दोन्ही करा. आणि हिला बाहेर बसवा, ही हसतेय मला.”

बायको हसत नव्हती.