कापलेला कान

मावशींना सगळी गल्ली ‘पुरावामावशी’ म्हणायची. विजेच्या बिलापासून पेंडीच्या पावतीपर्यंत सगळं त्या पत्र्याच्या पेटीत जपायच्या. "नवऱ्याचीही पावती असेल हो तिच्यात," असं शेजारीण म्हणाली, की मावशी गंभीरपणे सांगायच्या, "आहे ना. लग्नाचा दाखला."

ही सवय त्यांना ठेच लागून जडली होती. मागच्या पुरात त्यांच्या दोन गाई दगावल्या. वास सुटायच्या आत त्यांनी त्या पुरल्या आणि मदतीचा अर्ज घेऊन कार्यालय गाठलं. कारकुनानं मानही वर न करता विचारलं, "कानातला बिल्ला?" नंबरचा तो पिवळा बिल्ला गाईंसोबत मातीत गेला होता. मावशी हात हलवत परतल्या.

यंदा साथ आली. दगावलेल्या जनावरामागे सरकारनं तातडीची मदत जाहीर केली. आणि एका सकाळी मावशींची थोरली गाय गोठ्यात आडवी दिसली. आदल्या संध्याकाळी तिनं वैरण खाल्ली होती. आता नाकातून काळसर रक्त ओघळत होतं.

सुनेनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "आई, ते म्हणतात हात लावू नका, येतोच."

"पुरातही येतोच म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी उगवले." मावशींनी विळा घेतला आणि बिल्ल्यासकट कान कापला. रक्त पातळच राहिलं, गोठेना. त्यांनी कान पिशवीत घातला, विळा पाण्याच्या हौदात विसळला.

डॉक्टर तासाभरात आले. मावशींनी मोठ्या ऐटीत पिशवी पुढे केली. ते चार पावलं मागे सरकले.

"खाली ठेवा, मावशी. हळू."

"पुरावा आहे, साहेब."

"ही फाशी असावी, अँथ्रॅक्स. या रोगानं मेलेलं जनावर कापायचं नसतं. रक्त सांडलं की रोग मातीत वर्षानुवर्षं राहतो. माणसालाही होतो." त्यांचा आवाज खाली आला. "विळा कुठे धुतला?"

सुनेनं हौदाकडे पाहिलं. उरलेल्या तीन गाईंपैकी धाकटी तिथेच उभी होती. तिच्या तोंडातून पाणी निथळत होतं.

मग डॉक्टरांनी हातमोजे चढवले, तिघींना सुया टोचल्या, हौद बंद करायला लावला. "तुम्ही दोघी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. गोळ्या चुकवायच्या नाहीत. हाताला खाज सुटली, फोड आला, तर तशाच परत दवाखान्यात जा."

"आणि अर्ज?" मावशींनी कसंबसं विचारलं.

"मी गाय पाहिली, नंबर लिहिला. कान लागतच नव्हता हो."

त्यानंतर मावशींना झोप ठाऊक राहिली नाही. गाय खोकली तरी त्या उठून गोठ्यात धावायच्या. दिवसातून दहा वेळा त्या तिघींच्या नाकाला हात लावायला जायच्या आणि हात मध्येच मागे घ्यायच्या.

चौथ्या दिवशी सून मोबाईल घेऊन धावत आली. "आई, मदत जमा झाली!"

मावशी खिडकीपाशी अंगठा उजेडात धरून बसल्या होत्या. नखाच्या कडेला मोहरीएवढा लाल ठिपका होता.

"हे काल होतं का गं?"

सुनेनं त्यांचा हात ओढून पाहिला. तिनं मोबाईल खिशात टाकला आणि त्यांच्या चपला उंबऱ्याबाहेर मांडल्या.