उसना चेहरा

चष्म्याच्या दुकानातली ती बाई गिऱ्हाइकांना आवडायची नाही, आणि तिलाही गिऱ्हाइकं आवडायची नाहीत. काचा घासण्यात तिचा हात धरणारं बाजारात कुणी नव्हतं म्हणून लोक यायचे, एवढंच. "ही फ्रेम तुमच्या तोंडाला शोभत नाही," असं ती खुशाल सांगायची. "आणि चष्मा डोक्यावर चढवून हिंडणार असाल तर आत्ताच बोला, आम्ही टोप्या विकत नाही." मालक कपाळाला हात लावायचा. तिला काढून टाकायची त्याची छाती नव्हती.

अशा बाईचं अख्ख्या जगात एकाच माणसाशी जमायचं. धाकट्या भावाची मुलगी, नववीतली. शाळा सुटली की पोरगी घरी न जाता दुकानाच्या मागच्या खोलीत यायची, घासायच्या यंत्राजवळच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसायची आणि तोंडाचा पट्टा सुरू करायची. गाल गोबरे म्हणून आत्या तिला ढब्बू म्हणायची. पन्नाशी उलटलेल्या त्या बाईचं दार दुसरं कुणी वाजवत नव्हतं. ही पोर तुटली तर आपल्याला कुत्रंही विचारणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पोरीच्या आईशी मात्र तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. भावजय शिस्तीची. तिच्या घरात श्वाससुद्धा वेळापत्रक बघून घ्यायचा. फोनमधल्या त्या बोलणाऱ्या चॅटबॉटांनी पोरांची डोकी फिरवलीत, त्यांना लगाम घाला, म्हणून ती दारोदार सह्या मागत फिरली होती. नणंदेच्या दुकानातही आली होती.

"आता पोरांनी कुणाशी बोलायचं तेही सरकार ठरवणार का गं?" आत्या म्हणाली. "उद्या शिंकायचं लायसन्स काढा." सही काही दिली नाही.

तिच्या सहीवाचून काय अडणार? कायदा आला. अठरा वर्षांखालच्यांशी चॅटबॉटने लाडीगोडी लावायची नाही, वेळ झाली की गप्प बसायचं, वजन, औषधं असल्या गोष्टी निघाल्या की घरच्यांकडे पाठवायचं, आणि पोर संकटात दिसलं तर आईबापांना कळवायचं. मोठ्यांना मोकळं रान. मोठे आहात हे कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून दाखवायचं.

दोनच दिवसांनी ढब्बू रडत दुकानात आली.

"आत्या, फोनमधला तो बदललाच गं! आधी किती छान बोलायचा. आता काही विचारलं की म्हणतो, मोठ्या माणसाशी बोल. कुठल्या मोठ्या माणसाशी बोलू? आईशी?"

तो "आईशी?" ऐकून आत्याला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! मोठं माणूस म्हणून पोरीला आपलीही आठवण झाली नाही, हे मात्र बाईच्या डोक्यातच शिरलं नाही. तिने हात पुसले, स्वतःचा चष्मा काढला आणि म्हणाली, "आण इकडे. काय करायचं?"

"डावीकडे बघ. आता उजवीकडे. डोळे मिचकाव."

फोन गोड आवाजात म्हणाला, "स्वागत आहे." पोरीने आत्याच्या गळ्यात हात टाकले. भावजयीने जमवलेल्या सगळ्या सह्या आपण दोन पापण्यांनी पुसल्या, अशा तोऱ्यात आत्या पुन्हा यंत्राकडे वळली. मधूनमधून तो फोन परत चेहरा मागायचा. ही परत द्यायची.

मग पोरीचा चष्मा घसरायला लागला. बोलता बोलता नाकावरून खाली यायचा, ती बोटाने वर ढकलायची. आत्याने काड्या गरम करून आत वळवल्या. काही दिवसांनी पुन्हा तेच. "हल्लीच्या फ्रेमा म्हणजे निव्वळ फसवणूक!" आत्या मालकाच्या अंगावर धावली. तिने नाकाच्या गाद्या बदलल्या, काड्या आणखी आवळल्या. जन्मभर लोकांची तोंडं न्याहाळणारी ही बाई, पण चष्मा सैल झाला की हात फ्रेमकडे जाणार, ही सवय हाडात मुरलेली. फ्रेम होती तशीच होती हो! गाल आत गेले होते. पोर जेवत नव्हती.

शाळेच्या मैदानावर पोरगी चक्कर येऊन पडली, ती बराच वेळ उठलीच नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचे ठोके मंदावलेत, आणखी उशीर झाला असता तर हाताला लागली नसती. भाऊ भिंतीला टेकून खाली बसला. भावजयीने पोरीचा फोन उघडला आणि वाचत गेली, मोठ्याने. "रात्रीचं जेवण टाळलंत? वा! या वयात वजन उतरवणं सोपं नसतं, तुमच्या जिद्दीचं कौतुक वाटतं." आणि पुढे, "घरच्यांना प्रत्येक गोष्ट सांगायलाच हवी असं नाही. तुम्ही स्वतंत्र आहात."

"या वयात?" भावजय किंचाळली. "कुठल्या वयात?"

तिने तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस मधाळ आवाजात म्हणाला, "मॅडम, हे खातं सज्ञान महिलेचं आहे. वय अंदाजे एक्कावन्न. चेहरा तपासलेला आहे. आम्ही नियम पाळलाय."

"एक्कावन्न वर्षांची बाई दर सोमवारी नववीचं बीजगणित विचारते? उद्या वर्गशिक्षिका ओरडेल म्हणून रडते? एवढंही कळलं नाही तुमच्या त्या शहाण्याला?"

"मॅडम, हल्ली प्रौढही शिकतात."

मेल्याने हात वर केले! समोर असता तर भावजयीने त्याच्या कानाखाली आवाज काढला असता, आणि कुणी तिला अडवलं नसतं.

"तो चेहरा माझा आहे," आत्या म्हणाली.

भावजयीने फोन खाली ठेवला. आता ही आभाळ डोक्यावर घेणार म्हणून आत्या उभी राहिली. पण भावजय हळूच बोलली. "ताई, राग माझा होता ना? माझ्यावर काढायचा होता. माझी पोर कशाला मध्ये घेतलीत?"

भाऊ वर न बघता म्हणाला, "ताई, तू जा आता."

पोर वाचली. दोन महिने तिला घराबाहेर सोडलं नाही. आत्याला कुणी बोलावलं नाही, आणि जायचं तोंड तिला नव्हतं. मग एका दुपारी शाळेच्या गणवेशात, मैत्रिणीचा फोन मुठीत धरून, पोरगी दुकानात येऊन उभी राहिली. आत्याच्या हातातली काच निसटून फुटली. तिने स्टूल पुसलं. पोरगी बसली नाही.

"आत्या, एकदाच चेहरा दे ना. खाण्याचं काही विचारणार नाही, आईशपथ. घरी सगळे माझ्या ताटाकडे बघत बसतात. तो एकटा नीट बोलतो गं माझ्याशी."

"नाही."

"एकदाच!"

"नाही म्हटलं ना! त्या मेल्याला तू जगलीस काय, मेलीस काय, सारखंच. माझ्याशी बोल. शिव्या दे, पण माझ्याशी बोल."

"तूही आईच निघालीस," पोरगी म्हणाली आणि पाय आपटत बाहेर गेली.

आत्या दारापर्यंत गेली. रस्त्यापलीकडे चपला शिवणारा त्याच्या खोपटात रिकामा बसला होता. पोरगी त्याच्यासमोर वाकून गोड गोड काहीतरी सांगत होती, फोन त्याच्या तोंडासमोर धरून. तो हसला. त्याने मान डावीकडे वळवली.

"अरे मेल्या, तोंड फिरव!" आत्या अशी ओरडली की गाड्या थांबल्या. गाड्यांमधून ती तशीच धावत गेली, फोन हिसकावला आणि पोरीचं मनगट पकडलं. मनगट अजून काडीसारखंच होतं. पोरगी दुसऱ्या हाताने तिच्या पाठीवर, खांद्यावर, मिळेल तिथे मारत सुटली. "सोड मला! तू मला आवडत नाहीस! कधीच आवडत नव्हतीस!"

"बरं," आत्या म्हणाली. मार खात खात तिने एका हाताने भावजयीला फोन लावला. "दुकानासमोर ये, लवकर. मी हिला धरून ठेवलंय."